फळीवरचे पाच वाटे

मुलीचा फोन दर रविवारी संध्याकाळी येतो. त्या रविवारी ती म्हणाली, "अण्णा, नाताळच्या सुट्टीत आम्ही बेंगळुरूला येतोय. एक संध्याकाळ तुमच्याकडे. पण तुम्ही काही करत बसू नका हं. येताना आम्ही बिर्याणी घेऊन येऊ."

मला राग आला. राग मला लवकर येतो आणि गेल्या वर्षभरात तो काढायला घरात कुणी नसल्यामुळे जरा साठलाही होता. मी म्हणालो, "माझ्या घरी येणार आणि जेवण तुम्हीच पिशवीतून आणणार? मग स्टेशनवरच बसून खा की. माझ्यापर्यंत कशाला येता?"

ती हसली. "बरं बाबा. मग काय करणार तुम्ही? सार-भात?"

हे तिनं बोलायला नको होतं. पण खोटं नव्हतं. बायको गेल्यावर मी जे शिकलो ते एवढंच: भात, मिरीचं सार, आमलेट, आणि नशीब जोरावर असेल त्या दिवशी उपमा.

बायको गेल्यापासून मी के. आर. पुरमच्या आमच्या फ्लॅटमध्ये एकटा राहतो. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेलेली. दर रविवारी आमचा विषय ठरलेला. ती म्हणायची, अण्णा, पुण्याला चला, तुमच्यासाठी एक खोली रिकामी ठेवली आहे. मी म्हणायचो, येत नाही. मग ती कारणं काढायची आणि मी ती खोडायचो. बाथरूममध्ये पडलात तर? खुर्ची ठेवली आहे. गोळ्या विसरलात तर? खणांची डबी आणली आहे. आणि दिवसभर बोलायला कोण आहे तुम्हाला? इथं मी ठोकून द्यायचो, पुष्कळ आहेत. शेवटी ती दमायची आणि म्हणायची, डिसेंबरात आले की समोरासमोर बोलू. तेव्हा मला एकटं राहणं जमतंय की नाही, याचा निकाल त्या नाताळच्या संध्याकाळी लागायचा होता. मला त्यात पास व्हायचं होतं. ती विचारणार, आणि मी ताठ मानेनं नाही म्हणणार, एवढं मी ठरवून टाकलं होतं.

बोलायला पुष्कळ आहेत हे अगदीच खोटं नव्हतं. गेटवरच्या वॉचमनशी मी कन्नडमध्ये बोलतो, पार्सलवाल्यांशी हिंदीत, औषधाच्या दुकानात तमिळमध्ये. पण मराठी बोलायला कुणी उरलं नाही. आमचं घराणं कितव्या पिढीत बेंगळुरात आलं ते कुणालाच नक्की ठाऊक नाही. कुणी म्हणतं फौजेबरोबर आलो, कुणी म्हणतं फौजेच्या घोड्यांबरोबर. शाळा माझी कन्नड झाली. मराठी घरात बोलायची, आणि वाचायला-लिहायला शिकलो ते आमच्या समाजाच्या वाचनालयात. आमच्या त्या घरच्या मराठीत कन्नड इतकं मुरलेलं असतं की पुण्याची माणसं ऐकून गालात हसतात. मुलगीही आता त्यांच्यासारखंच बोलते, स्वच्छ, इस्त्री केल्यासारखं. आमची ती जुनी मराठी माझ्याशी बोलणारं शेवटचं माणूस माझी बायको होती.

तर पाहुणे चौघं. मुलगी, जावई, जावयाची बहीण आणि तिचा नवरा. ही बहीण बेळ्ळंदूरला राहते, एका उंच इमारतीत. मुलगी-जावई उतरणारही तिच्याकडेच. माझ्याकडे बाथरूम एकच आहे, असं कारण मला सांगण्यात आलं. याच घरात आम्ही तिघं आणि वर्षाकाठी चार-सहा पाहुणे त्याच एका बाथरूमवर नांदलो होतो, पण ते असो.

दोन दिवसांनी जावयाच्या बहिणीचा मेसेज आला. "काका, स्वयंपाकाचा घाट अजिबात नको. फार तर असा एखादा बोर्ड ठेवा, आम्ही घरी नाताळला हाच करतो." खाली एक फोटो. एका मोठ्या लाकडी फळीवर चीजचे तुकडे, गुलाबी मांसाच्या पातळ चकत्या, द्राक्षं, बदाम, बिस्किटं, लोणच्याच्या काकड्या, सगळं रांगोळीसारखं वळणावळणानं मांडलेलं. त्याला शार्क्युटरी म्हणतात हे मी शोधून काढलं. नाव मला आजही एका दमात म्हणता येत नाही. पण फोटो मोठा करून पाहिला आणि माझ्या लक्षात आलं, यात शिजवायचं काहीच नाही. कापायचं आणि मांडायचं. मला तर हर्षच झाला. परीक्षेचा पेपर फुटावा तसं झालं.

फळीची तर मला चिंताच नव्हती. उभा जन्म मी कारखान्यात लाकडी साचे केले, ज्यांच्यावरून पुढे लोखंडाचं ओतकाम होतं. माळ्यावर फणसाच्या लाकडाचा एक तुकडा होता, पिवळाधमक, तो खाली काढला. रंधा मारला, कडा गोल केल्या, पॉलिश पेपरनं घासून त्याला खोबरेल पाजलं. दोन दिवस गॅलरीत बसून हेच चाललं होतं. बऱ्याच दिवसांनी माझ्या हातांना काम होतं आणि मला वेळेवर भूक लागत होती.

मग मेट्रोत बसून व्हाइटफील्डच्या मॉलमध्ये गेलो. तिथं चीजचा एक सबंध काउंटर आहे. त्यामागची मुलगी एकेक तुकडा चाखायला देत होती आणि मी प्रत्येकाला छान आहे म्हणत होतो. एक निळ्या बुरशीचं होतं. तेही छान आहे म्हणालो आणि पुढे जाऊन रुमालात काढलं. शेवटी दोन चीज घेतली, एक कडक, एक मऊ. हॅम आणि सलामी घ्यायला कॅन्टोन्मेंटकडच्या एका जुन्या कोल्ड स्टोरेजमध्ये गेलो. मांस विकणाऱ्या दुकानाला आमच्या गावात हे असंच नाव आहे. तिथं नाताळची झुंबड. रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, घरी पार्टी आहे का? मी म्हणालो, हो, मुलगी येणार आहे. हे सांगताना मला इतकं बरं वाटलं की पुढे औषधाच्या दुकानात कुणी न विचारताच सांगितलं.

हॅम हातात घेतल्यावर मात्र वाटलं, यात आपलं काय? पैसे टाकले की कुणालाही मिळतं. फोटोतल्या त्या वाळवलेल्या मांसाकडे पाहून मला आमच्या घरचा उप्पकंडा आठवत होता. मटणाच्या लांब पट्ट्या कापायच्या, मीठ, हळद, तिखट, आलं-लसूण चोळायचं, दाभणानं सुतळीत ओवायचं आणि उन्हात वाळत घालायचं. कडक वाळलं की डब्यात. खायच्या वेळी विस्तवावर भाजायचं आणि वरवंट्यानं ठेचायचं. माझी आई करायची, मग बायको करायची. मी आजवर फक्त सुतळी धरण्याचं काम केलं होतं. पण सुतळी धरणारा माणूस आयुष्यभर पाहत असतोच की.

मी केला. गॅलरीत कपडे वाळत घालायच्या दोरीवर लाल-काळ्या पट्ट्या ओळीनं टांगल्या आणि कावळ्यांसाठी खुर्ची टाकून काठी घेऊन बसलो. तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला: एका गॅलरीत काहीतरी संशयास्पद लटकत आहे, वास येतो आहे, कृपया खुलासा करावा. मी लिहिलं, सुक्या मिरच्या आहेत. वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी अंगठा दाखवला. डिसेंबरचं ऊन आमच्याकडे कधी असतं, कधी नुसता ढगाळ गारवा. त्या आठवड्यात देवाच्या कृपेनं ऊन पडलं.

नाताळच्या दिवशी दुपारीच मांडायला बसलो. एका बाजूला फोटो उघडून ठेवलेला. फोटोत होतं तसं वळण घालून पाहिलं, चीजची ओळ, तिच्या कुशीत हॅम, मध्ये द्राक्षांचा घोस. दिसायला बरं दिसत होतं. पण मला चैन पडेना. मध्ये ठेवलेली द्राक्षं कुणी एकट्यानंच संपवली तर? लांब बसलेल्याला कडेची बिस्किटंच मिळायची. पाच माणसांत खायला ठेवलेली वस्तू अशी सांडल्यासारखी ठेवायची नसते, हे माझ्या रक्तात होतं.

युगादीच्या दुसऱ्या दिवशी इथं मटणाचा सण असतो. होसतोडकू म्हणतात. लहानपणी आमच्या पेठेत आठ-दहा घरं मिळून बकरं घेत आणि अंगणात केळीच्या पानांवर त्याचे सारखे ढीग घालत. त्याला गुड्डे म्हणायचं. माझे वडील ढीग घालायला बसत. प्रत्येक ढिगात थोडी कलेजी, थोडी चरबी, एक नळी, एक बरगडी. कुणाला जास्त नाही, कुणाला कमी नाही. मग एकानं पाठ फिरवून उभं राहायचं. वडील एका ढिगावर बोट ठेवून ओरडायचे, "हा कुणाचा?" पाठमोऱ्यानं एका घराचं नाव घ्यायचं. तो ढीग त्या घराचा. त्यात कुणाला रुसायला जागाच नसायची.

तर मी फोटो बंद केला आणि फळीवर पाच गुड्डे घातले. प्रत्येकात दोन्ही चीज, हॅमची घडी, सलामी, भाजून ठेचलेला उप्पकंडा, कडबोळ्यासारखं कोडबळं, तळलेले अवरेकाळू म्हणजे आपले पावटे, काळी द्राक्षं, तिखट-मीठ लावलेली पेरूची फोड, खारं बिस्कीट आणि कडेला कुर्गच्या मधाचा एक ठिपका. मध्ये बोटभर रस्ते सोडले. लांबून पाहिलं तर फळीवर पाच छोटी गावं वसवल्यासारखी दिसत होती. मी स्वतःवरच खूष झालो. बायको असती तर म्हणाली असती, "स्वल्प पुरे करा आता, नजर लागेल तुमचीच." मी ते मोठ्यानं म्हणून पाहिलं, तिच्या आवाजात. घरात बरं वाटलं नाही.

मग बाकीच्या परीक्षेची तयारी. बाथरूम घासलं. फ्रिजमधले जुने वाडगे काढले. गोळ्यांची डबी समोर दिसेल अशी ठेवली. चादर बदलली. आणि आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून मी खुर्चीत बसून नकाराची उजळणी केली. मागच्या रविवारांसारखं चिडून नाही म्हणायचं नव्हतं. शांतपणे म्हणायचं होतं. की बाळ, तुझी आई ह्या घरात वावरली, माझं इथं चाललंय, मला इथली हवा मानवते, तुमच्या संसारात मला अडगळ व्हायचं नाही. आणि शेवटी म्हणायचं होतं की तू विचारतेस, यातच मला सगळं मिळालं. हे वाक्य मला फार आवडलं होतं. ते म्हणताना आवाज कापू नये म्हणून मी ते पुन्हा पुन्हा म्हटलं.

ते बरेच उशिरा आले. रिंग रोडवर गाड्या हलत नव्हत्या म्हणे. दार उघडलं तर मुलीनं आधी माझ्याकडे नाही, माझ्या मागे घरात पाहिलं. मग मला मिठी मारली. "अण्णा, बारीक झालात," म्हणाली. मी म्हणालो, "सरी, आत तर या." सरी म्हणजे आमचं बरं.

फळीवरचं पातळ फडकं उचललं आणि चौघंही वाकून पाहू लागले. मग मुलीच्या नणंदेचा नवरा ओरडला, "अरे, काय आहे हे! प्रत्येकाचा वेगळा बोर्ड? इंडिव्हिज्युअल? काका, ही आयडिया कुठं पाहिलीत?" जावई फोन काढून वरून, बाजूनं, तिरका होऊन फोटो काढायला लागला. मी म्हणालो, बोर्ड-बिर्ड काही नाही, हे गुड्डे आहेत, आणि सगळी पद्धत समजावली. त्यांना ती इतकी आवडली की नणंदेचा नवरा भिंतीकडे तोंड करून उभाच राहिला. मी बोट ठेवून ओरडलो, "हा कुणाचा?" माझा आवाज वडिलांसारखा निघाला, मीच दचकलो. तो नाव घ्यायचा आणि सगळे हसायचे. त्या दहा मिनिटांत माझ्या घरात जेवढा आवाज झाला तेवढा वर्षभरात झाला नव्हता.

गंमत पुढे झाली. एका गुड्ड्यावर नणंदेचं नाव आलं आणि ती कसनुशी हसली. "काका, किती केलंत हो. पण मी ना, मार्गशीर्ष पाळते. महिनाभर नॉनव्हेज नाही. बोर्डावर चीज-बीज असतंच, म्हणून मी काही बोलले नव्हते." आमच्याकडे हा महिना म्हणजे देवळात पहाटेचा पोंगल, एवढंच आम्हाला माहीत. त्यात मटणानं काय वाकडं केलं हे आमच्या इकडच्या मराठी माणसाच्या डोक्यातच येत नाही. आणि तिनं पाठवलेल्या फोटोत तर मांसच मांस होतं. पण फोटोला मार्गशीर्ष नसतो.

मुलगी घाईनं उठली. "अण्णा, तुम्ही बसा, मी बघते काहीतरी." मी म्हणालो, "बेड, बेड, काही नको, तू बस." स्वयंपाकघरात गेलो, हात धुतले, स्वच्छ सुरी घेतली. फ्रिजमध्ये दोन्ही चीज उरली होती. केळीच्या पानाचा तुकडा धुऊन स्टीलच्या ताटात घातला आणि त्यावर सहावा गुड्डा घातला. उप्पकंड्याच्या जागी भाजलेले शेंगदाणे, हॅमच्या जागी अननसाच्या चकत्या आणि वरून मध. ताट घेऊन वळलो तर मुलगी दारात उभी राहून पाहत होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं होतं. मी मनात म्हणालो, पास.

मी बाहेर आलो तोवर आपापले वाटे सोडून सगळे बोलता बोलता कडेच्या पाचव्या वाट्यातून उचलत होते. तो माझा होता. ढीग घालणाऱ्याला शेवटी उरलेला वाटा मिळतो, ही आमची पद्धत मी सांगायची विसरलो होतो. मला एवढ्या गडबडीत भूकही नव्हती. उप्पकंडा त्यांना फार आवडला. जावयानं विचारलं, हा कुठून मागवलात, पुण्याला डिलिव्हरी करतात का? मुलगी चघळता चघळता थांबली आणि म्हणाली, "हा अम्माचा आहे." मी म्हणालो, "माझा आहे. अम्माचा असता तर मीठ कमी असतं." ती हसली, आणि मग डोळे पुसायला गॅलरीत गेली. मला तिच्या मागं जावंसं वाटलं. पण नणंदेचा नवरा मला फळीला कुठलं तेल लावलं ते विचारत होता, आणि पाहुण्याला मध्येच तोडून कसं उठणार?

नंतर मुलीनं घरभर फेरी मारली. मी बसल्या जागेवरून कान लावून होतो. फ्रिजचं दार उघडलं, बंद झालं. बाथरूमचा दिवा लागला. गोळ्यांची डबी खडखडली. आता येईल, बाजूला घेईल, विचारेल.

ती आली, माझ्या खुर्चीच्या हातावर बसली आणि माझा हात हातात घेतला. "अण्णा, खरं सांगू? मी येताना ठरवून आले होते की यावेळी तुम्हाला घेऊनच जायचं. तुम्ही ऐकलं नसतं तर भांडले असते. पण आज पाहिलं ना, तर मलाच लाज वाटली. मी उगाच वर्षभर तुमच्या मागे लागले होते. किती छान सांभाळलंय तुम्ही सगळं. आता नाही हं मी तुम्हाला पुण्याचं नाव काढून छळणार."

मी तोंड उघडलं. आतून आलेलं पहिलं वाक्य होतं, बाळ, तुझी आई ह्या घरात वावरली. पण ते कशाला उत्तर म्हणून म्हणायचं? मी म्हणालो, "सरी."

जावई पलीकडून म्हणाला, "बरं झालं अण्णा. ती खोली तशीच पडून होती. मी आता तिथं माझं ऑफिस थाटतो. डायनिंग टेबलवर बसून बसून पाठ गेली माझी." वाईट काही नव्हतं त्याच्या बोलण्यात. माणूस चांगला आहे. मी म्हणालो, "थाटा की. रिकामी कशाला ठेवायची?" आणि खोलीत ऊन येतं का हेही विचारलं. सकाळचं येतं, म्हणाला. मग पाठीला चांगलं, म्हणालो.

निघताना त्यांनी फळीचं फार कौतुक केलं. उरलेला उप्पकंडा मी डब्यात भरून दिला. लिफ्टचं दार बंद होताना मुलगी म्हणाली, "अण्णा, मला किती हलकं वाटतंय माहितीये?" मला दिसतच होतं. तिचा चेहरा लग्नाआधीसारखा दिसत होता. तिला हलकं वाटलं याचा मला आनंद व्हायला हवा होता, आणि थोडासा झालाही. पण घरात येऊन दार लावलं आणि मला भयंकर एकटं वाटलं. बायको गेली त्या आठवड्यातही माणसं होती, डबे होते, फोन होते. असं एकटं तेव्हाही वाटलं नव्हतं. मला पुण्याला जायचं नव्हतं, आजही नाही. मला नाही म्हणायचं होतं. दर रविवारी एक माणूस मला चला म्हणत होतं आणि मी नाही म्हणत होतो, त्यावर माझा आठवडा चालत होता, हे मला त्या दिवशी कळलं. इतकी मेहनत करून मी तेच बंद पाडलं.

पुढच्या रविवारी फोन आला. जेवलात का, जेवलो. थंडी आहे का, आहे थोडी. तुमच्या फळीचे फोटो मी ऑफिसात सगळ्यांना दाखवले. बरं केलंस. पूर्वी अर्धा-पाऊण तास भांडायचो, आता पाच मिनिटांत विषय आटोपला. ती म्हणाली, "चला, ठेवते अण्णा, काळजी घ्या." त्याच्या पुढच्या रविवारचा तर तिनं शनिवारीच मेसेज टाकला, उद्या बाहेर जातोय, सोमवारी बोलू. सोमवारी तिला वेळ झाला नाही. मी रागावलो नाही. कुणावर रागावणार? ती निर्धास्त होती, आणि ती निर्धास्त व्हावी म्हणून मीच आठवडाभर गॅलरीत कावळे हाकलले होते.

त्याच्या पुढच्या रविवारी फोन आला तेव्हा मी म्हणालो, "काल जरा गंमतच झाली. सार उकळत ठेवलं आणि झोप लागली. पातेलं जळून काळं झालं. शेजाऱ्यांनी दार वाजवलं म्हणून उठलो."

असं काही झालं नव्हतं. पातेलं समोर मांडणीवर लखलखत होतं.

पलीकडे तिचा आवाज चढला. "अण्णा! म्हणजे गॅस तसाच चालू होता? तुम्हाला कळतं का काय झालं असतं?" आणि त्या घाबरण्यात तिची सगळी पुणेरी इस्त्री मोडली. लहानपणीची, आमच्या घरची, अर्धी कन्नड मराठी तिच्या तोंडून भडाभडा निघाली. मी डोळे मिटून ऐकत होतो. माझा नकार तयार होता, शांत, एकेक शब्द जागच्या जागी.

ती दम घ्यायला थांबली. मी फोन कानाशी घट्ट धरला.

"तुम्ही काळजी करू नका," ती म्हणाली. "मी बघते काय ते."

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात खोकं आलं. विजेची शेगडी आहे, काचेची, चांगल्या कंपनीची. पातेलं जास्त तापलं की आपोआप बंद होते.